खबऱ्याचे शेहेचाळीस डाव

३ तारीख, सोमवार

सकाळी बाईंचा फोन. बाई म्हणजे आमचा ‘बेपत्ता’ छापणार आहेत त्या. पत्त्यांचे खेळ पेटीत घालून विकायचे हा त्यांचा व्यवसाय. आवाज नको इतका गोड होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं. बाहेरच्या चार गटांना त्यांनी खेळ खेळून बघायला दिला होता. सगळ्यांना आवडला, एक पत्ता सोडून. तो भरवशाचा नाही, असं चारही गटांनी आपापलं लिहून दिलंय. पत्ता कोणता, तर खबऱ्या.

माझा पारा चढला. म्हटलं, खेळता येत नसेल त्यांना. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच पुन्हा तपासा, ठेवा किंवा काढा असं लेखी कळवा, अठ्ठावीसला पेटी छपाईला जाते. त्यांना द्यायची नोंद वेगळ्या कागदावर करीन. ही वही माझ्यापुरती, निदान इथे तरी मनातलं ओकता येईल.

‘बेपत्ता’त कुणी कुणाच्या विरुद्ध खेळत नाही. एक माणूस नाहीसा झालाय, सगळ्यांनी मिळून त्याला बारा दिवसांत शोधायचं. सापडला तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले. तपासाच्या गठ्ठ्यात तीस पत्ते, त्यातल्या चारांवर साक्ष. डाव सुरू होताना खबऱ्या एकदाच वापरता येतो. गठ्ठा पिसायचा, वरचे तीन पत्ते उघडायचे. त्यांत साक्ष निघाली तर ती फुकटात मिळाली. नाही निघाली तर खबऱ्या खोटं बोलला, आणि सगळ्यांचे दोन दिवस पाण्यात.

हिनं आणि मी तो शेहेचाळीस डाव तपासलाय. तेहेतीसदा लागला, तेरादा हुकला. नोंदवही हिच्या अक्षरात आहे, टिका आणि फुल्या, शेजारी तारीख; तिची नक्कल बाईंकडेही आहे. ही गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आता चार परक्या टोळक्यांचं ऐकून मी हिच्या वहीवर शंका घेऊ?

आणि खबऱ्या साधासुधा पत्ता नाही. माझ्या नोकरीचा नकाशाखाना बंद झाला तेव्हा मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्यातून उठलो तो हा पत्ता डोक्यात आला म्हणून. बाकीचे एकोणसाठ त्याच्या मागून आले. जन्मभर दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी शाईनं गिरवल्या. स्वतःच्या डोक्यानं काढलेली गोष्ट म्हणाल तर खबऱ्या एकटा.

५ तारीख, बुधवार

दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून एकट्यानेच सहा डाव खेळलो. एकदा माझ्या खुर्चीत, एकदा हिच्या. हिच्या वाटणीचं खेळताना मुद्दाम वेळ लावला, ती विचाराला लावायची तेवढा. ती हनुवटी टेबलावर टेकवून पत्त्यांकडे बघत बसायची आणि मी म्हणायचो, अहो बाई, माणूस मेला असेल तोवर.

सहात दोनदा लागला. माझंच लक्ष नव्हतं.

६ तारीख, गुरुवार

धाकटी आली. हिची बहीण, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते आणि गुरुवारी सुट्टी असली की माझी चौकशी करायला येते, म्हणजे डबे रिकामे झालेत का ते बघायला. एक डबा तसाच भरलेला सापडला, त्यावरून पाच मिनिटं बोलणी खाल्ली. मग तिला खेळायला बसवलं.

तीन डाव. एकदा लागला, दोनदा हुकला. तिसरा डाव हुकल्यावर धाकटीनं विचारलं, “भाऊजी, पूर्वी पत्ते कोण पिसायचं?”

म्हटलं, तुझी ताई, आणखी कोण. माझ्या हातात गठ्ठा दिला की जमिनीवर पत्ते वेचत बसायची पाळी. हिचं तसं नव्हतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकवीस वर्षं छापील पानांचे फर्मे जुळवलेली बोटं. शंभर पानांच्या गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवून एक पान कमी आहे असं सांगायची, आणि मोजलं की एक कमी निघायचंच. मालक नव्या बायकांना तिचा अंगठा दाखवायचे. पत्ते पिसायला लागली की मी खेळ विसरून हाताकडेच बघत बसायचो. हे सगळं मी धाकटीला अगदी रंगवून सांगितलं.

तिनं ते ऐकून घेतलं. नोंदवही मागून घेतली, दोन-चार पानं उलटली आणि मिटून ठेवली. निघताना म्हणाली, राहू द्या ना भाऊजी, साठातला एक पत्ता गेला तर काय बिघडतं. मी फटकन म्हटलं, तुला नाही कळायचं. नको होतं बोलायला. बिचारी डबा घासून गेली होती.

११ तारीख, मंगळवार

आणखी बारा डाव. चारदा लागला. एकूण एकविसांत सात.

कारणं शोधतोय. आधी वाटलं हवा दमट आहे, पत्ते एकमेकांना चिकटतात. मग पत्त्यांचा तो आमचा जुना, हातानं कापून चिकटवलेला संच काढला, ज्यावर सगळे शेहेचाळीस डाव झाले. त्यावरही तेच. मग वाटलं, दोघं मिळून खेळण्यात जी लय असते ती एकट्याला येत नाही. पिसण्यात कसली आलीय लय, पण वाटलं खरं.

दुपारी बाईंचा फोन. त्यांनी हिशेब मांडला होता. तिसांत चार साक्षी आणि उघडायचे तीन, तर खबऱ्या शंभरात छत्तीसदा लागावा. “तुमच्या वहीत बहात्तर येतात,” त्या म्हणाल्या, “बरोब्बर दुप्पट.” म्हटलं, नशीब असतं एकेकाचं. त्या म्हणाल्या, पाच-सहा डाव असते तर मीही नशीब म्हटलं असतं. खोटं लिहिलंय असं म्हणाल्या नाहीत. पण फोन ठेवल्यावर मला तेच ऐकू येत राहिलं.

हा हिशेब मी का केला नव्हता? त्याचं उत्तर लाजिरवाणं असलं तरी खरं आहे. नकाशाखान्यात एकतीस वर्षं काढली. तिथला नियम असा की मोजणीदार शेतात जाऊन मोजून आणतो, नकाशेवाला तो आकडा कागदावर घेतो. नकाशेवाल्यानं मोजणी तपासायची नसते. तपासली तर मोजणीदाराचा अपमान होतो, चार दिवस कुणी बोलत नाही. घरातही तोच नियम चालला. मोजणारी ही होती. तिनं आकडा दिला, मी घेतला.

१२ तारीख, बुधवार

दिवसभर नोंदवही घेऊन बसलो. प्रत्येक तारखेशी तो दिवस जुळवत गेलो. एक गोष्ट सापडली, ती बाईंना कळवावी म्हणतो.

पहिल्या चौतीस डावांत फक्त चार फुल्या आहेत. म्हणजे तीसदा लागला. शेवटच्या बारांत मात्र नऊ फुल्या, टिका तीनच. पत्ता तोच, गठ्ठा तोच. बदललं ते एवढंच, की हिची औषधं सुरू झाली. त्या सुया लागल्यापासून घरातलं सगळंच हुकायला लागलं होतं. बोटांच्या टोकांना कायम मुंग्या, कपाची कडी धरवायची नाही, गुंडी लावायची तर मला हाक मारायची. तरी खेळायला बसायची. मी पिसतो म्हटलं तर नाही म्हणायची. पत्ते खाली पडायचे, उचलायची, पुन्हा पिसायची. खूप वेळ लावायची आणि मी चेष्टा करायचो, की खबऱ्या म्हातारा झाला तुझ्या हातात.

चाळिसाव्या डावापुढे फुलीशेजारी शाई पसरलीय. तो दिवस मला आठवतो. तीन पत्ते उघडले, साक्ष नव्हती, आणि ही रडायला लागली. एवढं सगळं सोसताना डॉक्टरांसमोर रडली नाही, आणि एका पत्त्यासाठी ढसाढसा. मला म्हणाली, “अहो, माफ करा मला.” मी हसून म्हटलं, अगं, पत्ताच तर आहे, हरू एक डाव. तिला हरणं कधी आवडलंच नाही.

आजारपणानं माणसाचं नशीबही पातळ होतं, दुसरं काय म्हणणार. ते डाव वगळून मोजावं असं बाईंना सुचवीन. मग खबऱ्याचा आकडा आणखी चांगला दिसेल.

१३ तारीख, गुरुवार

धाकटीला घरातून जा म्हणालो.

ती आली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तिला कालचा शोध सांगितला, तीस आणि चार, तीन आणि नऊ. ती उभीच होती, पिशवीही खाली ठेवली नव्हती. म्हणाली, “भाऊजी, तुम्ही खरंच इतके भोळे आहात का हो? ताई पत्ते लावायची.”

विचारलं, लावायची म्हणजे? म्हणाली, साक्ष वर आणून ठेवायची. तिनं मला स्वतः सांगितलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती, आणि मी सांगितलंही नसतं. पण तुम्ही आता तिच्या मुंग्या आलेल्या बोटांचे डाव वगळून बाईंना आकडा देणार म्हणता, ते मला ऐकवत नाही.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मेलेल्या माणसावर आळ घेतेस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.  तिनं पिशवीतून माझ्यासाठी आणलेलं जेवण काढून ठेवलं आणि गेली.

१९ तारीख, बुधवार

सहा दिवस पत्त्यांना हात लावला नाही. आज सकाळी लावला.

विचार असा केला, की धाकटी खोटं बोलतेय हे सिद्ध करू. तीस पत्ते पालथे घालून मिसळले तर कोणता साक्षीचा हे कुणाला कळेल? मी स्वतःच कापलेले, पाठी सगळ्यांच्या सारख्या. अंगठा कडेवरून फिरवून बघितला, मला काही लागलं नाही. बरं वाटलं. मग उगाच, खरंच उगाच, कामावरची स्टीलची पट्टी काढली, भिंग लावलं आणि एकेक पत्ता मोजायला घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नकाशेवाल्यानं मोजणी तपासली.

सव्वीस पत्ते रुंदीला त्रेसष्ट मिलिमीटर. चार पत्ते साडेबासष्ट.

चारही साक्षीचे. एका बाजूनं केसभर कातरलेले, कड इतकी सरळ की ते काम फक्त कारखान्यातल्या सुरीचं असू शकतं आणि त्या सुरीवर बसणाऱ्या हाताचं. अर्धा मिलिमीटर. नकाशावर तेवढ्या अंतरात एक आख्खी वाट मावते, आणि माझ्या बोटांना ते लागलं नाही. तिच्या बोटांना लागायचं. गठ्ठा नीट लावला की त्या जागी बारीकशी खाच येत असणार, आणि अंगठा तिथे थांबत असणार.

म्हणजे तीस टिका तिनं काढल्या, आधी पत्त्यांत आणि मग वहीत. चार फुल्याही तिच्याच, मला संशय येऊ नये म्हणून अधूनमधून पेरलेल्या. त्या चार फुल्यांनी मला सगळ्यात जास्त मारलं. एवढा विचार करून फसवलं मला.

मग शेवटचे बारा डाव. ते खरे होते. तिला खाच लागत नव्हती. ती मुंग्या आलेल्या बोटांनी कडेवरून पुन्हा पुन्हा शोधत होती, आणि मी समोर बसून खबऱ्या म्हातारा झाला म्हणून हसत होतो. माफी तिनं पत्त्यासाठी मागितली नव्हती. आणि मी काय म्हटलं, तर पत्ताच तर आहे.

मला तिचा राग आलाय. माझ्या डोक्यातून आलेली एकच गोष्ट, तीही माझी नव्हती. राग आलाय आणि तो काढायला ती नाही. 

२० तारीख, गुरुवार

धाकटी येणार नाही हे उघड होतं, म्हणून मीच तिच्याकडे गेलो. तिच्या इमारतीचे तीन जिने चढेपर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दार उघडल्यावर सगळं विसरलो आणि म्हटलं, साडेबासष्ट. तिला काय कळणार. तरी बाजूला सरली आणि आत घेतलं.

मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की ताईनं असं का केलं. माझी कीव आली म्हणून? धाकटी बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत बसली, जो पुसण्यासारखा नव्हता.

मग म्हणाली, पहिले तीन डाव खरेच खेळलात तुम्ही, वहीत नाहीत ते. तिन्ही हुकले. तुम्ही तो पत्ता फाडायला निघालात आणि पुन्हा जाऊन पडलात. ताई इथे येऊन याच खुर्चीत बसली होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना पत्ते कातरून आणले.

“ताई म्हणायची, टिक झाली की हे जेवतात. फुली झाली की ताट सारून उठतात. मग मी काय करू, खरं खेळू?”

मी धाकटीसमोर रडलो. लाज वाटली नाही. ती म्हणाली, माझ्याशी तसं बोललात त्याचं काय, तर म्हटलं, चुकलो. म्हणाली, बरं.

२५ तारीख, मंगळवार

छापील नव्या संचावर धाकटीबरोबर आणि एकट्यानं मिळून एकोणीस डाव पुरे केले. सातदा लागला. आधीचे एकवीस धरून चाळीस डाव, चौदा वेळा. बाईंच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतं. हुकल्यावर जेवायचं नाही असं मनात आलं एकदोनदा, पण धाकटी समोर ताट घेऊन बसते.

अभिप्राय लिहायला घेतला. पत्त्याबद्दल लिहायला काहीच अडचण नव्हती. खबऱ्या बेभरवशाचा आहे. तिनातल्या दोन वेळा हुकतो आणि हुकला की डावाचा सहावा हिस्सा खातो. तोही सुरुवातीलाच, म्हणजे सगळ्यांचं तोंड आंबट होऊन खेळ सुरू. काढून टाकावा.  तीनऐवजी सहा पत्ते उघडू दिले तर तो तरतो, धाकटीनं सुचवलंही. नको म्हटलं. तो जो काही होता तो आमच्या टेबलावर होता.

अडलो शेवटच्या वाक्यावर. आधीच्या शेहेचाळीस डावांची नोंद धरू नये, हे लिहिणं भाग आहे, नाही तर माझे चाळीस त्यांच्यासमोर काय टिकणार. पण का धरू नये? वही हिच्या अक्षरात. पहिल्या पानावर हिचं नाव, तपासणी करणार म्हणून, मीच लिहिलेलं. चुकीची म्हणावी तर ती चुकणारी नव्हती, हे कारखान्यातलं कुणीही सांगेल. खोटी म्हणावी तर. नोंद धरू नये एवढंच लिहिलं. कारण न देताच पाठवलं.

२८ तारीख, शुक्रवार

बाईंचा फोन साडेअकराला. अभिप्राय चांगला लिहिलाय म्हणाल्या, खबऱ्या काढला. मग विचारलं, नोंद धरू नये म्हणजे काय? बाकीचे एकोणसाठ पत्तेही त्याच वहीत तपासलेत. ती वही धरायची की नाही?

म्हटलं, बाकीचं खरं आहे. त्या म्हणाल्या, ते मी कशावरून मानू? वही तुमच्या बायकोनं लिहिलीय ना? तिच्या नोंदीत गडबड होती का?

हाच प्रश्न येणार हे मला मंगळवारपासून माहीत होतं, आणि उत्तरही.

“ती फक्त लिहायची,” मी म्हटलं. “पत्ते मी पिसायचो. साक्ष वर यावी म्हणून चार पत्ते मी कातरले होते. तिला ठाऊक नव्हतं. तिनं जे बघितलं ते लिहिलं.”

 मग बाईंनी सांगितलं की असं असेल तर पेटी आज छपाईला जाणार नाही. एकोणसाठही पत्ते बाहेरच्यांकडून नव्यानं तपासून घ्यावे लागतील आणि त्यानंतर छापायचं की नाही ते बघू. म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बरोबर आहे, म्हटलं.

“पण मला एक कळत नाही,” बाई म्हणाल्या. “या खेळात सगळे एकाच बाजूचे. मग तुम्ही फसवत कुणाला होतात?”

“हिला,” मी म्हटलं. “हिला हरलेलं मला बघवायचं नाही.”

 त्या म्हणाल्या, हे सगळं जसंच्या तसं लिहून पाठवा, सहीसकट. दुपारी लिहिलं. दोनदा वाचून बघितलं, हिच्या नावाला कुठे डाग लागलेला नाही ना ते पाहिलं, आणि सही केली.